रविवारी वाजली ती कोणती बेस

१

भिंतीवर दोन खुंट्या आणि गिटार एकच.

डावीकडची खुंटी रिकामी होती. तिच्याखाली चुन्याच्या भिंतीवर माझ्या जुन्या बेस गिटारच्या आकाराचा उजळ डाग तेवढा राहिला होता. उजवीकडे नवी बेस जशीच्या तशी लटकत होती. मी हातातली पिशवी खाली ठेवायचंही विसरले.

आठवडाभर मी श्रीवर्धनला मामेबहिणीच्या लग्नात होते. येताना खालापूरला उतरले. हवाबी चाचीच्या गोळ्या, नव्या बेससाठी चौकोनी बॅटरी आणि थोडे कांदे घेतले, आणि घरी न जाता सरळ लोधिवलीला आमच्या तालमीच्या खोलीवर आले. मला माझ्या गिटारी बघायच्या होत्या. हसायचं त्यांनी हसावं. बाई चाळिशीची, नवरा नाही, मूल नाही, आणि गिटारींकडे धावते. धावते. मग?

"बुधीनं नेली," मुनव्वर म्हणाला.

मुनव्वर माझा चुलत भाऊ. मोठा. ऑर्केस्ट्रा पार्टी त्याची, कीबोर्डवर तो. हळदी, लग्नं, नवरात्र, रिसॉर्टचे कार्यक्रम, सगळं तोच ठरवतो. मी बसायच्या आत त्यानं निकाल देऊन टाकलेला होता.

"तू बघितलंस?"

"बघायला कशाला लागतं? रविवारी संध्याकाळी मी इथं होतो. कुलूप लावलं तेव्हा तुझी जुनी तिथंच होती. सोमवारी सकाळी खोली बुधीनं उघडली. मी आलो तर गायब. साईराज पुण्यात. तू श्रीवर्धनला. उरलं कोण?"

"तिला विचारलंस?"

"विचारलं ना. चौक नाक्यावर, सगळ्यांसमोर. शुक्रवारपर्यंत गिटार आली नाय तर पोलिसात तक्रार देणार, हे पण सांगितलं. आणि आजपासून पार्टीत ती नाय. हल्दीची गाणी गायला दुसरी मिळेल."

"सगळ्यांसमोर का?"

"मग काय कानात सांगू?"

दारात सावली पडली. बुधी उभी होती. तिचा आवाज साऱ्या कर्जत तालुक्याला माहीत आहे. मंडपात माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. त्या दिवशी तो आवाज मला दोन पावलांवरून नीट ऐकू आला नाही.

"मी नाय नेली, हुमाताय."

२

बुधीला घेऊन मी बाहेर ओट्यावर बसले. मुनव्वरला आत ठेवून दार ओढून घेतलं.

"सोमवारी काय झालं ते सांग. रडू नको."

"रडतंय कोण?" ती फणकारली. बरं वाटलं. "पहिल्या यष्टीनं आले. कुलूप उघडलं. झाडू मारला. खुंटी रिकामी दिसली, मला वाटलं तुमीच नेली लग्नात वाजवायला. मग हा आला आणि एकदम बोंबलायलाच लागला. मी बोलले, हुमातायला फोन कर. तर बोलला, फोन कशाला, चोर समोर हाय."

"आणि नाक्यावर?"

ती म्हणाली, "वडापावच्या गाडीवर सगली होती. टमटमवाले होते. आमच्या वाडीतली दोन माणसं पन होती. याने विचारलं, किती दिवस आमच्यात ऱ्हायलीस चोरी करायला? कोणी काय बोललं नाय. सगले वडा खात होते."

बुधीची ठाकूरवाडी, ठाकर आदिवासींची वस्ती, कोंडाण्याच्या वर, डोंगराच्या अंगाला. चोरी कुठंही होवो, संशय आधी वाडीवर चढतो. त्याला रस्ता लागत नाही. पुरावाही लागत नाही.

"पोलीस आले तर माझ्या एकटीला नाय विचारणार," बुधी म्हणाली. "माझा भाऊस हाय, त्याचं नुकतं लगीन ठरलंय. मुलीकडचे काल फोन करून बोलले, जरा थांबूया. का थांबूया? सांगितलं नाय. मला कललं."

हे असं असतं. गिटार माझी हरवली आणि लग्न तिच्या भावाचं अडलं.

"बुधी, शुक्रवारच्या आत मी माणूस शोधते."

"आणि नाय गावला तर?"

"गावणार. खोलीच्या किल्ल्या ज्यांच्याकडं आहेत ती माणसं मोजकी आहेत आणि त्यातलं एक खोटं बोलतंय."

"त्यात मी पन हाय ना?" तिनं विचारलं.

३

हो, तीही होती. म्हणून मी सगळ्यांना तपासलं.

किल्ली माझ्याकडं, मुनव्वरकडं, बुधीकडं आणि घरमालकीण आनंदीबाईंकडं. साईराजकडं किल्ली नव्हती; पण त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं, म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली. साईराज आमचा लीड गिटारवाला. खालापूरचा, बापाची भातशेती, स्वतः कंपनीत नोकरीला. पुण्याच्या ट्रेनिंगहून तो मंगळवारी परत आला होता.

"गेली ते बरं झालं, ताई," तो म्हणाला. "लाकूड होतं ते."

"तूच जाळलंस का मग?"

"मी पुण्यात होतो. तिथले फोटो दाखवू? पण खरं सांगतो. वजन केवढं! तासभर गळ्यात घातली की खांदा उतरतो. नेक जाड, मुठीत मावत नाही. ट्यूबलाइट लावली की घूं घूं करते. नवी बघा. हलकी, पाच तारा, आवाज वाकवाल तसा वाकतो."

हे भांडण आमचं जुनं आहे, आणि दोन्ही गिटारी माझ्या असल्यानं मला दोन्हीकडून भांडता येतं. जुनी बेस अब्दुल मामूंनी आणलेली. मामू बोटीवर होते. सत्तरच्या दशकात जपानच्या बंदरातून त्यांनी ती उचलली. तिला चपट्या गुंडाळीच्या तारा आहेत. बोट सरकताना किरकिर नाही. सूर उमटतो आणि लगेच खाली बसतो, ढोलकीच्या धुमासारखा. गाणाऱ्याच्या आवाजाखाली ती जमीन घालते आणि स्वतः दिसत नाही. पण दमट हवेत सूर सोडते, आणि साईराज म्हणतो तशी घुमतेही. नवी गिटार गप्प असते, सुरात असते, मोठ्या मैदानात प्रत्येक सूर वेगळा ऐकवते. फक्त कधी कधी इतका स्वच्छ की भांडी घासून मांडल्यासारखा.

जुनं ते सोनं म्हणणारे आणि नवं तेच खरं म्हणणारे, दोघंही मला सारखेच आळशी वाटतात. दोघांनाही ऐकायचं नसतं. गाणं कोणतं, जागा कोणती, गाणारी कोण, ते बघून मी गिटार उचलते. बुधी गाते तेव्हा जुनीच.

"तुला जुनीचा राग होता," मी म्हटलं.

"राग होता म्हणून चोरू? ताई, राग आलेली वस्तू कोण घरी नेतं? जुनी नेणार तो जुनीचा वेडा. गेल्या महिन्यात तालमीला आलेला तो रिसॉर्टवाला नाही का? कोंडाण्याच्या रस्त्याचा. हात फिरवत होता तिच्यावर. 'व्हिंटेज, व्हिंटेज' करत."

मला तो माणूस आठवला. पांढरे बूट. माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. गिटार कुणाची, हे त्यानं मुनव्वरला विचारलं होतं.

"मुनव्वर त्याला काय म्हणाला होता, आठवतं?"

"म्हणाला, 'घरचीच आहे.'"

४

आनंदीबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. त्यांना आमचा आवाज आवडत नाही, हे त्या दर महिन्याला सांगतात.

"काकी, रविवारी इकडं कोणी आलं होतं?"

"तुझा भाऊ. आणि त्याने तो धुमधुमाट केला! माझ्या फळीवरचे डबे नाचत होते. मी जाऊन बोलले, अरे मुनव्वर, हुमा आली का रं? तर बोलला, नाय काकी, मीच वाजवतोय."

"जुनी की नवी?"

"मला काय ठाऊक, बाय! माझ्यासाठी दोन्ही सारख्याच वैरी."

त्यांना फरक कळत नाही आणि कळायची गरजही नाही. डबे नाचले, एवढं मला पुरे होतं.

"जाताना काही घेऊन गेला?"

"ती त्याची लांब पिशवी. पेटी असते ना बोटांनी वाजवायची, तिची. गाडीत मागं टाकून गेला. मी म्हटलं, सुपारी असेल कुठंतरी."

"तुमच्याकडं पण किल्ली आहे, काकी."

त्यांनी पापड हातात तसाच धरला. "मग? मी नेली म्हणतेस? नेली असती तर गं बाय, दोन्ही नेल्या असत्या. सुखानं झोपले असते."

मी हसले. पण डोक्यात मुनव्वरची लांब पिशवी अडकली होती. मी खोलीवर परत गेले. मुनव्वर होताच. त्याचा कीबोर्ड स्टँडवर, वर जुनी चादर. पिशवी कुठं दिसेना.

"रविवारी कुठं कार्यक्रम होता?" मी विचारलं.

"नव्हता. पिशवीची चेन तुटली होती, शिवायला दिली."

लगेच उत्तर. आधीच तयार करून ठेवल्यासारखं.

"आणि वाजवत काय होतास?"

"तुझी नवी. पाचवी तार हाय ना तिला, ती बघत होतो कशी लागते. जुनीला हात पण नाय लावला, कसम से. ती खुंटीवर होती, मी तिच्याकडं तोंड करून बसलो होतो." तो माझ्याजवळ आला. "हुमा, तू वाडीवाल्यांची बाजू घेते, घरच्या माणसाची उलटतपासणी करते. चांगलं दिसतं का हे?"

"दिसण्यासाठी नाही करत."

तो दार आपटून गेला. पुरावा माझ्याकडं काहीच नव्हता. पिशवी खरंच शिवायला गेलेली असू शकत होती. शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता.

५

राग आला की मी वाजवते. बोलले तर शिव्या येतात.

नवी बेस खुंटीवरून काढली, केबल लावली, स्पीकरचा अँप चालू केला, आवाजाचं बटण अर्ध्यापर्यंत फिरवलं आणि सगळ्यात जाड तारेवर अंगठा मारला.

काही नाही.

केबल बदलली. बटणं फिरवली. तार हलत होती, बोटाला जाणवत होती. अँपमधून चूं नाही.

मी गिटार मांडीवर उलटी केली. पाठीमागं काडेपेटीएवढं प्लास्टिकचं झाकण असतं. ते नखानं उघडलं. आतला खण रिकामा होता.

आणि मग मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं हसले. आनंदीबाईंनी पलीकडून विचारलं, "काय गं, वेड लागलं का?"

"नाही काकी," मी ओरडले, "चोर सापडला!"

६

शुक्रवारी सकाळी सगळ्यांना खोलीवर बोलावलं. बुधी, साईराज, आनंदीबाई, मुनव्वर. हवाबी चाची, म्हणजे मुनव्वरची आई, न बोलावता आली. तिला वास लागतो.

"मुनव्वर," मी म्हटलं, "सगळ्यांसमोर एकदा सांग. रविवारी काय वाजवलंस?"

"किती वेळा? नवी. काकींनी ऐकलं ना."

"मोठ्यानं?"

"माझे डबे हालत होते," आनंदीबाई म्हणाल्या.

"अँपला लावूनच वाजवली ना?"

"मग काय तोंडानं?"

"बॅटरी नवीन टाकलीस का?"

मुनव्वरनं माझ्याकडं बघितलं, मग साईराजकडं. "कसली बॅटरी?"

"गिटारची."

"गिटारला बॅटरी?" तो हसला. "काय खेळणं हाय काय ते? केबल लावली, वाजवली. मामूंच्या गिटारवर मी शिकलोय, तू फ्रॉक घालत होतीस तेव्हा. मला नको शिकवू."

साईराजच्या तोंडून शिट्टी निघाली. "भाई... गेलात."

"का रे?"

"नवीला बॅटरी लागते, भाई. पोटात मशीन असतं तिच्या. बॅटरी नसेल तर मुकी. एकदम मुकी."

"काही नव्या गिटारींना बॅटरीशिवाय वाजायची सोय असते," मी म्हटलं. "माझ्या नाही. श्रीवर्धनला जायच्या आदल्या कार्यक्रमात तिची बॅटरी बसली. मी काढून फेकली. दुसरी येताना खालापूरहून आणली. ती टाकायचं मीच विसरले; अजून माझ्या पिशवीत कांद्यांखाली आहे. म्हणजे मी नव्हते तेवढे सगळे दिवस ही गिटार वाजूच शकत नव्हती. अँप फुल केला तरी नाही. तू अजून कांगावा करू शकला असतास, की मी स्वतःची बॅटरी टाकली आणि परत काढली. पण तुला तर तिला बॅटरी लागते हेच माहीत नाही. तुझ्या हातात आयुष्यभर मामूंची गिटार होती. तिला केबल लावली की ती बोलते. तुला वाटलं सगळ्याच तशा."

"डबे नाचले, म्हणजे बेस वाजली. खोलीत बेस दोनच. नवी मुकी होती. मग वाजली कोणती?"

"जुनी," बुधी म्हणाली.

"जुनी. तुझ्या हातात. आणि तूच म्हणतोस की हात पण लावला नाही. हे खोटं कशासाठी? तू बोलता बोलता चुकला असतास तर मी सोडून दिलं असतं. पण जुनी खुंटीवर होती, हे तुला रविवारी संध्याकाळपर्यंत ताणायलाच हवं होतं. नाहीतर सोमवारी बुधीवर घालणार काय? काकींनी आवाज ऐकला नसता तर तू काही वाजवलंच नाही म्हणाला असतास. त्यांनी ऐकला, म्हणून नवी मध्ये आणलीस. वाजवून कुणाला तरी फोनवर ऐकवलीस, कीबोर्डच्या पिशवीत घातलीस आणि नेलीस. पांढऱ्या बुटांकडं."

मुनव्वर खाली बसला. कीबोर्डवरची चादर त्याच्या हातात आली.

"वर्षभराचे शनिवार देणार होता तो," तो म्हणाला. "सगळ्या पार्टीला. त्याला ती लाउंजच्या भिंतीवर पाहिजे होती. मी काय माझ्यासाठी केलं?"

"आणि बुधी?"

त्यानं चादर मुठीत गोळा केली.

"बुधी का, मुनव्वर?"

"त्याला मुंबईची सिंगर पाहिजे होती," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "बोलला, हे गावठी नको. मी तिला काय सांगणार होतो? असंच काढलं असतं तर तू भांडली असतीस. म्हटलं..."

"म्हटलं, चोर ठरवली की कोणी भांडणार नाय," बुधी म्हणाली.

हवाबी चाची उठली. माझा हात धरला. "हुमा, बेटा, झालं ते झालं. तो गिटार आणून देईल आजच्या आज. आपण सांगू, दुरुस्तीला दिली होती, विसरला. घरातलं घरात ठेव. त्याची इज्जत ती आपलीच ना गं?"

मुनव्वरनं मान वर केली. त्याला वाट दिसली. "हां. दुरुस्तीला होती. बुधी पण परत येऊ दे पार्टीत. मी तक्रार नाय देत. सगळ्यांचं भलं."

माझी गिटार संध्याकाळपर्यंत माझ्या खुंटीवर. किती सोपं. आणि बुधी कायम ती, जिच्यावर एकदा संशय आला होता. खरं-खोटं कोण जाणे, पण आला होता खरा.

"चाची," मी हात सोडवून घेतला, "बुधीला बोलला तेव्हा हा घरात नव्हता. नाक्यावर होता."

७

"मी नाय येणार नाक्यावर," मुनव्वर म्हणाला. "ठाकरणीची माफी? तिथं? उद्या मला सुपारी कोण देईल?"

"नको येऊ. तक्रार तू देणार होतास ना आज? ती मी देते. गिटार माझी आहे. खालापूरला जाते, नेणाऱ्याचं नाव लिहिते, ठेवणाऱ्याचंही लिहिते. साईराज, गाडी काढ."

"ताई, काढलीच समजा."

"तू सख्ख्या चुलत भावाला..." चाचीचा आवाज चिरकला.

"हो. उद्यापासून मला दावतीला बोलावू नका. मी घरी जेवते."

मी चप्पल घातली. खरंच घातली, दाखवायला नाही. साईराजनं गाडीला किक मारली. मुनव्वरला तेवढ्यात माझं तोंड नीट दिसलं असावं. तो मागून आला. काही न बोलता, चादर तशीच हातात घेऊन.

मग खालापूरऐवजी बुधीसकट आम्ही चौक नाक्यावर गेलो. वडापावची गाडी नुकती लागली होती. तेल तापलेलं. टमटमवाले बाकावर. सोमवारी होती तीच माणसं नसतील, पण नाका तोच, आणि नाक्याला सगळं पोचवायची सवय असते.

मुनव्वर गाडीपासून चार हात लांब उभा राहिला. पुटपुटला, "बुधीनं गिटार नेली नव्हती. मीच..." पुढचं कढईच्या आवाजात गेलं. वडेवाल्यानं मानही वर केली नाही.

मुनव्वर वळला. झालं, असं त्याच्या पाठीवर लिहिलेलं.

बुधी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. हात कमरेवर. मंडपात उभी राहते तशी.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "सोमवारी तुला माईक लागला नव्हता."

टमटमवाले वळले. वडेवाल्यानं झारा बाजूला ठेवला.

"मी नेली!" मुनव्वर ओरडला. त्याचा आवाज फाटला. "गिटार मी नेली! बुधीचं नाव मी खोटं घेतलं!"

एक म्हातारा वडा हातात धरून तसाच उभा राहिला.

बुधीनं पदर खोचला, बाकावरच्या टमटमवाल्याकडं वळली आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "रिसॉर्टवर सोड रं आमाला. भिंतीवरून आमची गिटार काढायची हाय."